स्तन परत देताना निकालही सांगा

स्तनाच्या कॅन्सरमुळे स्तन काढावा लागलेल्या बाईने कधी धीर करून विचारलं, की डॉक्टर, छाती पुन्हा पहिल्यासारखी करून मिळेल का, तर डॉक्टरांच्या आधी घरचेच उत्तर देतात: जीव वाचला ना, आता हे कशाला? विचारणारी पस्तिशीची असली तरी हेच उत्तर. भारतातल्या बायकांना हा आजार पाश्चात्त्य देशांतल्या बायकांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार आपल्या देशात वर्षभरात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना तो नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार जणी त्याने गेल्या. ज्या वाचतात त्यांच्यातल्या कितीतरी जणींपुढे पंचवीस-तीस वर्षांचं आयुष्य असतं. ते एका बाजूला सपाट छाती घेऊन काढायचं, ब्लाऊजमध्ये कापडाची घडी ठेवून काढायचं, की ऑपरेशन करून घ्यायचं, हे ठरवण्याचा हक्क तिचा आहे. पुनर्रचना ही चैन नव्हे. हे आधीच स्पष्ट केलेलं बरं, कारण माझं पुढचं म्हणणं पुनर्रचनेच्या विरोधात नाही. एका विशिष्ट पद्धतीचे खरे निकाल बाईपासून लांब ठेवले जातात, त्याच्या विरोधात आहे.

ही पद्धत अशी. स्तनाची आतली ग्रंथींची ऊती काढून टाकल्यावर वरची कातडी उरते. तिच्याखाली सिलिकॉनचा इम्प्लांट बसवायचा, तर त्याला आधार लागतो. पूर्वी तो छातीच्या मोठ्या स्नायूखाली ठेवत. पण स्नायू खालच्या अर्ध्या भागात पुरत नाही. म्हणून कातडी ताणण्यासाठी आधी फुग्यासारखी पिशवी, म्हणजे एक्स्पांडर, बसवायचा, काही आठवड्यांत तो हळूहळू भरायचा आणि मग दुसऱ्या ऑपरेशनमध्ये इम्प्लांट घालायचा, अशी दोन टप्प्यांची रीत रूढ झाली. त्यानंतर एडीएम (अ‍ॅसेल्युलर डर्मल मॅट्रिक्स), म्हणजे पेशी काढून टाकलेला कातडीचा पापुद्रा, आलं. डुकराची कातडी, गायीच्या गर्भातल्या वासराची कातडी, गायीच्या हृदयाभोवतालचं आवरण किंवा मृत माणसाने दान केलेली कातडी घ्यायची, तिच्यातल्या सगळ्या पेशी धुऊन काढायच्या आणि उरलेला कोलॅजनचा पापुद्रा इम्प्लांटला झोळीसारखा शिवायचा. बाईच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या आणि पेशी त्या पापुद्र्यात हळूहळू शिरतात आणि तो तिच्या शरीराचा भाग होतो. त्यामुळे एकाच ऑपरेशनमध्ये काम उरकता येतं, स्तनाचा खालचा उतार नीट बसतो, इम्प्लांटभोवती घट्ट कवच धरण्याचा त्रास कमी होतो, असे त्याचे फायदे सांगितले जातात.

एकच ऑपरेशन, हे शब्द मराठवाड्यातल्या बाईला किती मोलाचे वाटत असतील याची कल्पना करा. परळच्या टाटा रुग्णालयात जायचं तर देवगिरी किंवा नंदीग्रामचं तिकीट, सोबतीला माणूस, त्या माणसाची बुडालेली मजुरी, धर्मशाळेतली जागा. दुसरी खेप टळते म्हटल्यावर ती लगेच हो म्हणेल. म्हणूनच तिला आकडे आधी सांगायला हवेत.

नेदरलँड्समधल्या आठ रुग्णालयांत या प्रश्नावर यादृच्छिक चाचणी झाली, म्हणजे कोणत्या बाईला कोणती पद्धत हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरवलं गेलं. एका गटाला डुकराच्या कातडीचा पापुद्रा लावून एकाच टप्प्यात इम्प्लांट, दुसऱ्या गटाला एक्स्पांडरची जुनी दोन टप्प्यांची रीत. २०१७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. पापुद्र्याच्या गटात २९ टक्के स्तनांमध्ये गंभीर गुंतागुंत झाली. जुन्या रीतीत ५ टक्के. पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं आणि बसवलेला इम्प्लांट काढून टाकावा लागण्याचं प्रमाणही पापुद्र्याच्या गटात कितीतरी जास्त होतं. पुढच्या वर्षी त्याच बायकांच्या समाधानाचे आणि जीवनमानाचे आकडे आले, तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही. म्हणजे जास्त धोका पत्करून त्यांना जास्त समाधान मिळालं, असंही झालं नाही. या चाचणीत दोन गोष्टी एकत्र बदलल्या होत्या, टप्प्यांची संख्या आणि पापुद्रा. त्यामुळे सगळा दोष पापुद्र्याच्या माथी मारता येणार नाही, हे मान्य. पण स्वीडन आणि ब्रिटनमधल्या १३५ बायकांच्या चाचणीत तुलना थेट होती, पापुद्र्यासह इम्प्लांट आणि पापुद्र्याविना इम्प्लांट. २०२० मध्ये आलेला तिचा निष्कर्ष असा, की पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण पापुद्र्यामुळे कमी झालं नाही. ब्रिटनमध्ये ८१ रुग्णालयांतल्या २१०८ बायकांची नोंद ठेवली गेली, त्यात पापुद्रे किंवा त्याच कामाच्या कृत्रिम जाळ्या वापरलेल्या बहुसंख्य होत्या. तीनच महिन्यांत ९ टक्के जणींचा इम्प्लांट गेला, २५ टक्के जणींना जंतुसंसर्गासाठी उपचार लागले, १८ टक्के जणींना पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागलं. तिथल्या व्यावसायिक संघटनांनीच ठरवलेली मर्यादा होती, इम्प्लांट जाण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत हवं. आणि अमेरिकेच्या औषध नियामकाने मार्च २०२१ मध्ये स्पष्टच सांगितलं, की स्तनाच्या पुनर्रचनेसाठी म्हणून आपण एकाही एडीएमला मंजुरी दिलेली नाही. हे पापुद्रे दुसऱ्या कामांसाठी बाजारात आले आणि सर्जन ते स्तनासाठी वापरू लागले.

यावर अनुभवी प्लास्टिक सर्जन म्हणतील, की हे जुने आकडे झाले, तंत्र सुधारलं, आता इम्प्लांट स्नायूच्या वर ठेवतात, रुग्णांची निवड काटेकोर करतात, आमच्याकडे इतका त्रास होत नाही. खरं असेलही. निष्णात हातात निकाल वेगळे येतात, ही शस्त्रक्रियेतली जुनी गोष्ट आहे. पण मग ते निकाल मांडा. आमच्याकडे गेल्या तीन वर्षांत इतक्या बायकांना हे बसवलं, इतक्या जणींचं काढावं लागलं, इतक्या जणी पुन्हा आल्याच नाहीत, असा कागद समुपदेशनाच्या टेबलावर हवा. पुन्हा न आलेल्या बाईला बरी झालेली धरण्याची सवय आपल्याकडे फार आहे, आणि मराठवाड्यात ती सर्वात घातक आहे.

ती का, ते नीट पाहू. युरोपातली बाई घरी जाते तेव्हा छातीच्या बाजूला नळी असते, त्यातून आत साचलेलं पाणी बाहेर येतं, नर्स फोन करते, लाली दिसली की दुसऱ्या दिवशी तपासणी होते. वेळेवर अँटिबायोटिक मिळालं तर कित्येकदा इम्प्लांट वाचतो. आता हीच बाई किनवटच्या पाड्यावरची किंवा भोकरदनजवळच्या खेड्यातली समजा. नळी लावून ती एसटीने घरी येणार. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत पत्र्याखाली झोपणार. टँकर आला तर पाणी. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तो प्रसंग टोकाचा होता, पण जखमेच्या स्वच्छतेसाठी रोज पुरेसं पाणी असेल हे गृहीत धरण्याजोगी परिस्थिती इथे फार घरांत नाही. छाती लाल झाली तर ती आधी गावातल्या डॉक्टरला दाखवणार. आत डुकराच्या कातडीचा पापुद्रा आणि सिलिकॉन आहे, हे त्याला कोण सांगणार? तो सलाईन लावेल, इंजेक्शन देईल आणि चार दिवस थांबा म्हणेल. सगळा फरक त्या चार दिवसांनी पडतो. म्हणून नेदरलँड्सचे आकडे इथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत असं जे म्हणतात, त्यांचं मला पटतं, फक्त इथले आकडे त्याहून वाईट निघतील अशी भीती वाटते.

त्यात आणखी दोन गोष्टी आहेत. आपल्याकडे बायका उशिरा येतात, गाठ मोठी झाल्यावर, काखेत पसरल्यावर. अशा वेळी स्तन काढल्यानंतरही रेडिएशन द्यावं लागतं. आणि इम्प्लांटला रेडिएशन मानवत नाही: भोवतालचं कवच आवळतं, छाती दगडासारखी होते, दुखते, इम्प्लांट गमावण्याची शक्यता वाढते. ज्या भागात रेडिएशनची गरज असणाऱ्या बायकांचं प्रमाण जास्त, तिथे इम्प्लांटचे निकाल वाईट येणार हे सरळ गणित आहे.

दुसरी गोष्ट मिश्रीची. ऑपरेशनपूर्वीच्या फॉर्मवर प्रश्न असतो, धूम्रपान करता का? बाई प्रामाणिकपणे नाही म्हणते. पण सकाळ-संध्याकाळ भाजलेल्या तंबाखूची मिश्री हिरड्यांना लावणाऱ्या बायका आपल्या गावोगावी आहेत, आणि त्याला कोणी व्यसनही म्हणत नाही. निकोटीन तोंडावाटे आलं काय नि धुराबरोबर आलं काय, ते बारीक रक्तवाहिन्या आवळतं. स्तन काढल्यावर उरलेली पातळ कातडी त्या बारीक रक्तवाहिन्यांवरच जगते. ती काळी पडली, उघडी पडली की खालचा पापुद्रा आणि इम्प्लांट दोन्ही गेले. मिश्री लावता का, तंबाखू-चुना खाता का, हे विचारायला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. इथल्या माणसांची माहिती लागते, आणि परदेशी फॉर्मचं भाषांतर करून ती मिळत नाही.

मग येतो तो प्रश्न, जो विचारायला सगळेच कचरतात: हा पापुद्रा कोणत्या प्राण्याचा? मराठवाड्यात मुस्लिम वस्ती मोठी आहे. गळ्यात तुळशीची माळ घातलेले माळकरी आहेत, लिंगायत आहेत, जैन आहेत. गाय आणि डुक्कर, नेमक्या याच दोन प्राण्यांवरून इथली घरं सर्वात हळवी आहेत. बाईला सांगितलं तर ती घाबरेल, नकार देईल, म्हणून सांगायचं नाही, असा विचार कोणी करत असेल तर तो चूकच आहे. हृदयाच्या झडपा डुकराच्या आणि गायीच्या ऊतींपासून बनतात आणि त्या बसवून माणसं वर्षानुवर्षं जगतात. रक्त पातळ करणारं हेपारिन डुकराच्या आतड्यातून काढतात. जीव वाचवायचा असेल तेव्हा बहुतेक धर्मपरंपरा सवलत देतात, आणि लोकही समजून घेतात. पण स्तनाच्या पुनर्रचनेत जीव पणाला लागलेला नसतो आणि दुसरे पर्याय असतात. तेव्हा ही सवलत घ्यायची की नाही, हे तिच्याशिवाय दुसरं कोण ठरवणार? एखादीला काहीच वाटणार नाही. एखादी म्हणेल गायीचं नको, दुसरं काही आहे का. एखादीला नंतर कळलं, आणि तिने आयुष्यभर ते अंगात ओझ्यासारखं वागवलं, तर त्या ऑपरेशनचा निकाल चांगला म्हणायचा का? फोटोत तो चांगलाच दिसेल.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात याविषयी पुरेसं स्पष्ट सांगितलं आहे. तिथे तपासणीसाठी घेतलेल्या संमतीच्या आधारे बाईचं गर्भाशय काढलं गेलं होतं. न्यायालयाने म्हटलं, की रुग्णाला उपचाराचं स्वरूप, पर्याय आणि मोठे धोके कळतील इतकी माहिती दिली तरच संमती खरी. मराठवाड्याला हे वाचून एक गोष्ट आठवायलाच हवी. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भपिशवी काढण्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यातल्या किती जणींना पुढे हाडं ठिसूळ होतील, पाळी जाण्याचे त्रास लवकर सुरू होतील, हे आधी कोणी सांगितलं होतं? सही आणि अंगठा मात्र प्रत्येक कागदावर असणार. ज्या मातीत हे घडलं, तिथे स्तनाच्या ऑपरेशनचं संमतीपत्रक हा उपचाराच्या आधीचा एक सोपस्कार राहू देणं मला अक्षम्य वाटतं.

आणि खरं तर त्याच्याही आधीचा प्रश्न वेगळा आहे. स्तन काढायलाच हवा होता का? गाठ आणि भोवतालचा थोडा भाग काढून नंतर रेडिएशन दिलं, तर योग्य टप्प्यावरच्या बायका पूर्ण स्तन काढलेल्यांइतक्याच जगतात, हे इटलीतल्या आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांच्या वीस वर्षांच्या पाठपुराव्याने २००२ मध्ये निर्विवाद झालं. तरीही खेड्यातल्या बाईचा स्तन अनेकदा अशासाठी जातो, की रेडिएशनला काही आठवडे रोज यावं लागतं आणि राहायला जागा नसते. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय मराठवाड्याचा मोठा आधार आहे. पण हिंगोलीच्या किंवा धाराशिवच्या बाईने तिथे तेवढे आठवडे कुठे आणि कोणाच्या भरवशावर राहायचं? परदेशातून येणाऱ्या महागड्या पापुद्र्यावर जो पैसा खर्च व्हायचा, तो आधी रेडिएशनच्या काळातल्या निवासावर आणि जेवणावर खर्च व्हावा, असं माझं ठाम मत आहे. जो स्तन काढावाच लागला नाही, त्याची पुनर्रचनाही नको आणि तिचे धोकेही नकोत.

ज्यांचा काढावाच लागतो, त्यांच्यासाठी स्वतःच्या शरीरातल्या ऊतींची पुनर्रचना आहे, पाठीच्या किंवा पोटाच्या. अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांचा अभ्यास दाखवतो, की दोन वर्षांनी अशा बायका इम्प्लांटवाल्यांपेक्षा आपल्या स्तनांबद्दल जास्त समाधानी असतात. रेडिएशनही ही ऊती जास्त चांगलं सोसते. पण हा पर्यायही फुकट नाही. पोटाच्या ऊतींच्या ऑपरेशनला सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडणारे हात लागतात आणि तासन्‌तास भूल द्यावी लागते. पाठीचा स्नायू वळवून घेतला तर खांद्याची ताकद काहीशी कमी होते. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या, डोक्यावर उसाची मोळी चढवणाऱ्या बाईसाठी खांदा म्हणजे रोजगार. परदेशी प्रश्नावल्यांमध्ये बाईला आरशात कसं वाटतं हे विचारतात, आणि ते विचारायलाच हवं, इथल्या बाईलाही तिच्या बोलीत, दखनीत, लमाणीत विचारायला हवं. पण सोबत हेही हवं: ऑपरेशननंतर किती महिन्यांनी पुन्हा रानात गेलात, वेचणी पूर्वीइतकी होते का, मोळी उचलता येते का.

अशी माहिती इथून निघू शकत नाही, असं कोणी म्हणू नये. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या धाराशिवमधल्या, १ लाख ३१ हजारांवर बायकांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या चाचणीत भाग घेतला. एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी एकदा केली तरी त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटतात, हे २००९ मध्ये जगाला त्यांच्यामुळे कळलं. त्यातल्या तुलनेच्या गटाला तपासणीविना ठेवण्यावर पुढे वाद झाला, तोही विसरता कामा नये. बार्शीची ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ पासून भूम आणि परांडा तालुक्यांतली गावं घरोघर फिरून टिपते आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीतून येऊन जे मराठवाड्याच्या दोन तालुक्यांत होऊ शकतं, ते आठ जिल्ह्यांतल्या पुनर्रचना झालेल्या मूठभर बायकांसाठी का होऊ नये? या बायका थोड्या आहेत, म्हणून तर हे सोपं आहे. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एक नोंदवही, कोणता इम्प्लांट, कोणता पापुद्रा, कोणत्या प्राण्याचा, रेडिएशन झालं का, मिश्री होती का, तीन महिन्यांनी काय, दोन वर्षांनी काय. आशाताई गावात असतातच. त्यांना एका पानाची माहिती आणि सर्जनचा फोन नंबर द्या, म्हणजे लाल झालेली छाती चार दिवस थांबणार नाही. आणि ज्या रुग्णालयाला हा पाठपुरावा झेपत नाही, तिथे तूर्त प्राणिजन्य पापुद्र्याची एका टप्प्याची पुनर्रचना करू नये. त्या बाईला ब्लाऊजमध्ये ठेवायचा विणलेला सुती स्तन द्यावा, रेडिएशन संपू द्यावं, आणि वर्षभराने तिला हवं असेल तर निवांत ठरवू द्यावं. उशिरा केलेली पुनर्रचनाही पुनर्रचनाच असते.

इम्प्लांट आयुष्यभर टिकत नाही, हेही तिला पहिल्याच दिवशी सांगायला हवं. चाळिशीत बसवला तर तो पुढे कधीतरी बदलावा किंवा काढावा लागण्याची शक्यता बरीच आहे, आणि त्या वेळी खर्च कोणाचा, हे महात्मा फुले जनआरोग्य योजनेने आजच लिहून ठेवावं. जुलै २०१९ मध्ये एका कंपनीचे खरखरीत पृष्ठभागाचे इम्प्लांट एका दुर्मिळ लिम्फोमाशी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींच्या कॅन्सरशी, संबंध आढळल्यामुळे जगभरातून मागे घेतले गेले. तेव्हा इम्प्लांट असलेल्या बाईला प्रश्न पडला तो एवढाच, की माझ्या छातीत कोणता आहे? आपल्याकडे उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम २०१५ पासून आहे. पण तिथे तक्रार करायला उपकरणाचं नाव आणि बॅच नंबर लागतो. इम्प्लांटच्या आणि पापुद्र्याच्या डब्यावरची चिकटपट्टी रुग्णालयाच्या फाइलवर लागते आणि फाइल तिथेच राहते. तीच पट्टी एका कार्डावर चिकटवून, खाली मराठीत प्राण्याचं नाव आणि ऑपरेशनची तारीख लिहून, ते कार्ड लॅमिनेट करून घरी जाताना तिच्या हातात द्यावं.